बरोबरी कोणाशी? : बुद्धिबळ, यंत्र आणि समीक्षकाची वही

गेल्या मे महिन्यात जुहूच्या आमच्या सोसायटीतल्या एका नववीतल्या मुलाने माझा तीस वर्षांपूर्वीचा एक लेख काही सेकंदांत खोडून काढला. प्रस्तुत लेखाचे निमित्त ते आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

१९९४ साली एका लहान मासिकात मी गिरगावातल्या एका जुन्या खेळाडूच्या डावाचे रसग्रहण लिहिले होते. डाव पन्नासच्या दशकातला, एका क्लबाच्या स्पर्धेतला. पांढऱ्याने एच-७ वरच्या प्याद्यावर उंटाचा बळी दिला, राजाने उंट खाल्ला, घोडा शह देत जी-५ वर आला, काळ्याचा राजा जी-८ वर परतला, वजीर एच-५ वर उतरला आणि पुढच्या सहा चालींत डाव आटोपला. बुद्धिबळाची पुस्तके चाळणाऱ्यांना हा हल्ला ओळखीचा आहे. मी त्याला ‘सक्तीची जीत’ म्हटले होते. त्या दोन शब्दांवर माझा सगळा लेख उभा होता. घरचे कुणी शिकवणारे नसताना, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळेल ते वाचत मी हा विषय शिकलो. छापून आलेला तो माझा पहिलाच लेख, त्यामुळे त्याचे कात्रण मी वहीत जपून ठेवले आहे.

मुलाने कात्रण वाचले, फोनवर डाव मांडला आणि म्हणाला, ‘‘काका, हा बळी चालत नाही. राजा मागे जायलाच नको. पुढे जी-६ ला आला की काळा जिंकतो.’’

पडद्याच्या कडेची काळी-पांढरी पट्टी त्याच्या बाजूने झुकली होती. मी चष्मा लावून तासभर पट घेऊन बसलो. मुलगा बरोबर होता. १९९४ च्या लेखात राजाच्या त्या चालीचा मी एका ओळीत निकाल लावला होता, ‘जी-६ वर राजा उघड्यावर मरतो.’ तो मरत नाही. इतकी वर्षे जे मी शाळांतून, व्याख्यानांतून सांगत आलो, ते खोटे होते.

त्या रात्री मला पडलेला प्रश्न असा होता की, हे यंत्र माणसाची बरोबरी करू शकते का, असा वाद आपण पन्नास वर्षे घातला. पण यंत्राने नेमके काय जिंकले आणि आपण नेमके काय गमावले, याचा हिशेब कुणी मांडला का?

वादाचा निकाल कधीच लागला

पहिला वाद संपलेला आहे, हे आधी मान्य करू. क्लॉड शॅननने यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवावे याचा आराखडा १९५० साली मांडला. दोन वर्षांनी अॅलन ट्युरिंगने आपली कार्यपद्धती यंत्राअभावी स्वतःच कागदावर चालवून एक डाव खेळला आणि तो हरला. १९६८ साली डेव्हिड लेव्ही या स्कॉटिश खेळाडूने पैज लावली की पुढची दहा वर्षे कोणताही संगणक आपल्याला हरवणार नाही. १९७८ साली त्याने ती जिंकली. पण १९८९ साली ‘डीप थॉट’ने याच लेव्हीला चार डावांत चारही वेळा हरवले.

पुढचे वाचकांना आठवत असेल. १९९६ साली गॅरी कास्पारोव्हने ‘डीप ब्लू’ला ४–२ असे हरवले, मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला तोच २½–३½ असा हरला. हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. १९९८ साली ‘रेबेल’ या, साध्या संगणकावर चालणाऱ्या कार्यक्रमाने आपल्या विश्वनाथन आनंदला आठ डावांत ५–३ असे हरवले. या आकड्याची फोड मात्र बोलकी आहे. पाच मिनिटांच्या चार डावांत आनंद १–३ असा मागे पडला, पंधरा मिनिटांच्या दोन डावांत ½–१½ असा, आणि पूर्ण वेळेचे दोन डाव मात्र त्याने १½–½ असे जिंकले. म्हणजे त्या साली यंत्र माणसापेक्षा शहाणे होते असे म्हणता येत नाही, ते घाईत कमी चुकत होते. विचाराला वेळ मिळाला की माणूस अजून वरचढ होता.

ही सवलतही टिकली नाही. २००२ साली बहारीनमध्ये व्लादिमिर क्रामनिकने ‘डीप फ्रिट्झ’शी ४–४ अशी बरोबरी केली. २००५ साली लंडनमध्ये ‘हायड्रा’ने मायकेल अॅडम्सला ५½–½ असे निष्प्रभ केले. २००६ च्या अखेरीस बॉनला जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून २–४ असा हरला, त्यातल्या एका डावात तर एका चालीतली मात त्याला दिसली नाही. २००९ साली ब्यूनोस आयरिसच्या एका स्पर्धेत मोबाइल फोनवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ’ने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. त्यानंतर या दोघांचे गंभीर सामने होत नाहीत. मोटारीशी धावण्याची शर्यत कुणी लावत नाही, तसेच.

यावर आपल्याकडे एक ठरलेले सांत्वन असते की यंत्र नुसते मोजते, त्याला कल्पकता नाही. मीही एकेकाळी हे लिहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्याचाही आधार गेला. ‘अल्फाझीरो’ला फक्त नियम दिले होते. स्वतःशीच काही तास खेळून ते शिकले आणि ‘स्टॉकफिश’शी झालेल्या १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. ते सेकंदाला स्टॉकफिशपेक्षा कितीतरी कमी स्थिती तपासत होते. आणि त्याचे खेळणे कसे होते? लांब पल्ल्याच्या हल्ल्यासाठी प्यादी, मोहरी सोडून देणारे. ज्याला आपण खास मानवी धाडस म्हणत होतो, तसेच. कडेचे प्यादे पुढे रेटण्याची त्याची सवय नंतर अव्वल ग्रँडमास्टरांनी उचलली. तेव्हा ‘यंत्र कोरडे, माणूस रसिक’ ही वाटणी सोडून द्यावी लागते. ती न सोडता केलेली समीक्षा म्हणजे हरलेल्या पक्षाची कुरकुर.

बरोबरीचा प्रश्न आधी कुणाला विचारला गेला

‘बरोबरी’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तुल्यबळ असणे, दुसरा अनिर्णित डाव. बुद्धिबळाच्या मराठी इतिहासात हा शब्द पहिल्यांदा गाजला तो यंत्राच्या संदर्भात नव्हे.

१९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुलगी पुरुषांची बरोबरी करणार का, हा त्या वेळचा प्रश्न. ‘नवाकाळ’कार नीलकंठ खाडिलकरांच्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी पुढची कित्येक वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद आपल्याकडे ठेवले; रोहिणी १९८१ आणि १९८३ साली आशियाई विजेत्याही झाल्या. पण १९७६ साली प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

हे यूवे म्हणजे १९३५ ते १९३७ या काळातले जगज्जेते, मूळचे गणिती, आणि साठच्या दशकात संगणकशास्त्राचे प्राध्यापक. यंत्राचे बुद्धिबळ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. म्हणजे ‘ती बरोबरी करील का’ आणि ‘ते बरोबरी करील का’ हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते. पहिल्याचे उत्तर त्यांनी आकडेमोडीने दिले नाही. रोहिणी किती डाव जिंकतील, याचा अंदाज त्यांनी बांधत बसण्याचे कारण नव्हते. पटासमोर बसण्याचा हक्क आधी, निकाल नंतर, एवढेच त्यांनी ठरवले.

मला यात एक धडा दिसतो. ‘बरोबरी’चा प्रश्न विचारणारा नेहमी मोजपट्टी आपल्या हातात धरून असतो. १९७६ साली ती पुरुषांच्या हातात होती. १९९७ पर्यंत यंत्राला मोजणारी मोजपट्टी माणसाच्या हातात होती. आज ती यंत्राच्या हातात गेली आहे आणि मोजले जातो आहोत आपण. ही अदलाबदल इतकी सावकाश झाली की बुद्धिबळावर लिहिणाऱ्यांच्याही ती ध्यानात आली नाही.

०.०० म्हणजे काय

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरला जागतिक विजेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. डिंग लिरेनकडे पांढरी मोहरी, अठरा वर्षांच्या गुकेशकडे काळी आणि एक प्यादे जास्त. इंजिनची पट्टी बराच वेळ मधोमध. अर्थ, योग्य खेळल्यास बरोबरी. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर ठेवला. पटावरचे हत्ती आणि उंट मारामारीत गेले की उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात पांढरा हरतो, हे पट्टीने तत्क्षणी दाखवले. गुकेशला ते कळायला काही क्षण लागले. त्याने पाणी प्यायले, पुन्हा पटाकडे पाहिले, आणि मग चेहरा बदलला. तो सर्वांत तरुण निर्विवाद जगज्जेता झाला.

दुसऱ्या दिवशी मी जे वाचले त्यात दोन सूर होते. एक, डिंगने भेट दिली. दुसरा, इतक्या चुका असलेला सामना जगज्जेतेपदाला शोभत नाही. दोन्ही सूर पट्टीचे होते. घरी बसलेल्या प्रेक्षकाला पट्टी दिसत होती म्हणून तो डिंगपेक्षा शहाणा झाला. पट्टी झाकून तोच डाव पाहिला तर वेगळा दिसतो. सगळ्यांनी बरोबरी धरलेल्या स्थितीत गुकेशने एका जादा प्याद्याच्या आधारावर खेळ थांबवला नाही. डिंगला प्रत्येक चालीला एक बिनचूक उत्तर शोधावे लागत होते, आणि गुकेशच्या बाजूला चुकले तरी फारसे जाणार नव्हते. पट्टीच्या भाषेत हे ०.००. दोन माणसांच्या भाषेत ही बरोबरी नव्हती. एक जण बचाव करत होता आणि दुसरा वाट पाहत होता. ती घोडचूक आकाशातून पडली नाही. तीन आठवड्यांच्या दमछाकीने आणि त्या संध्याकाळच्या सततच्या दाबाने ती घडवली.

माझा आक्षेप पट्टीवर नाही. पट्टी खरेच सांगते. आक्षेप आहे तो पट्टीचा आकडा शब्दांत उतरवून त्याला समीक्षा म्हणणाऱ्यांवर, आणि त्यात एके काळचा मीही आलो. फक्त माझ्या वेळी पट्टी नव्हती, म्हणून मी पुस्तकातल्या थोरांचे अभिप्राय उतरवत होतो.

या सवयीचा पहिला बळी खुद्द कास्पारोव्ह होता. १९९७ च्या सामन्यातला दुसरा डाव त्याने सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला दाखवले की शेवटच्या स्थितीत सततच्या शहाने बरोबरी साधायची वाट होती. ती त्याने शोधलीच नाही, कारण इतकी साधी गोष्ट यंत्राच्या नजरेतून सुटणार नाही असे त्याने गृहीत धरले. यंत्र सेकंदाला किती स्थिती तपासते यापेक्षा त्याच्यावरच्या या विश्वासाने तो डाव हरवला. त्या चुकीची लहान आवृत्ती आज रोज घराघरांत घडते. मूल चाल करते, पट्टी खाली जाते, आणि मूल ‘का’ न विचारता चाल मागे घेते.

हेही खरे

इथे थांबलो तर लेख एकांगी होईल. याच यंत्राने आपल्याला काय दिले, तेही मांडले पाहिजे.

मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले. डीप ब्लूचे वर्ष तेच. आनंद आणि दिव्येंदू बारुआ यांच्यानंतरचे ते देशातले फक्त तिसरे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्या विजयाने ती देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तीनावरून अठ्ठ्याऐंशी, अठ्ठावीस वर्षांत. पालकांची पदरमोड, प्रशिक्षक, प्रायोजक, आनंदचा आदर्श, ही सगळी कारणे त्यामागे आहेत. पण एक कारण हेही की पूर्वी जे ज्ञान मॉस्कोतल्या बुद्धिबळ शाळांच्या भिंतींआड होते, ते नागपूरच्या, नाशिकच्या घरातल्या संगणकावर आले. ठिपशांच्या पिढीला स्थगित डाव रात्रभर जागून स्वतः सोडवावा लागे. परदेशी मासिक महिन्यांनी हाती पडे. आजच्या मुलाला जगातला सर्वांत बलवान सल्लागार फुकट मिळतो. यूवेंच्या निर्णयाने पटासमोरची खुर्ची मोकळी केली. या यंत्राने ग्रंथालयाचे दार. त्याला शत्रू म्हणणे मला जमत नाही.

प्यादेमात

मग समीक्षकाने करायचे काय? उत्तरासाठी मी थोडा मागे जातो.

१८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळाचे एक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मूळ संस्कृत, रचना बहुतेक ‘अमुक स्थितीतून मात करा’ अशा कोड्यांच्या. त्यातल्या काही कोड्यांना एक जादा अट असते, मात प्याद्यानेच करायची. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादेमातीला खास मान होता. वजिराने मात झाली तरी डाव जिंकलाच. पण सर्वांत दुबळ्या मोहऱ्याने राजाला गाठले, तर तो विजय वरच्या दर्जाचा.

आजच्या इंजिनासमोर असे कोडे ठेवले तर ते सर्वांत जवळची मात दाखवेल. प्याद्यानेच करा, असे वेगळे सांगितले तर तीही शोधेल, आणि आपल्यापेक्षा लवकर. पण प्यादेमात मानाची, हे त्याला कुणीतरी सांगावे लागेल. ते सांगणे हे खेळणाऱ्या समाजाचे काम, आणि ते समाजाच्या वतीने लिहून ठेवणे हे समीक्षकाचे. माझ्या मते समीक्षकाच्या हातात आता दोनच प्रश्न उरले आहेत. या माणसाला, त्या वेळी, त्या पटासमोर काय कळू शकत होते? आणि त्याने जे केले त्याची आपण काय किंमत करतो? पटावर खरे काय, हा तिसरा प्रश्न यंत्राकडे गेला. तो गेल्याचे मला दुःख होते, कारण तो सर्वांत सुरक्षित प्रश्न होता.

या कसोटीवर मी गिरगावचा तो डाव पुन्हा लावला. पहिला मोह असा झाला की, प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ संपत आले असेल असे म्हणावे, म्हणजे माझा नायक वाचेल. पण त्या डावाच्या नोंदीत वेळ लिहिलेली नाही. जे कागदावर नाही ते मी लिहू शकत नाही. दुसरा मोह असा की, राजा पुढे आणण्याची कल्पनाच तेव्हा कुणाला नव्हती असे म्हणावे. तेही खोटे. या हल्ल्याला राजा पुढे आणून उत्तर देता येते, हे तेव्हाच्या चांगल्या खेळाडूला माहीत असायला हरकत नव्हती.

उरले ते एवढे. पांढऱ्याने न मोजता येणारा धोका पत्करला. काळ्यासमोर दोन घरे होती. मागचे जी-८, जिथे राजा सवयीने राहतो, आणि पुढचे जी-६, जिथे पांढऱ्याचा वजीर, घोडा आणि प्यादी रोखून उभी होती. वाचवणारे घर तेच होते. तो मागे गेला. माझ्या लेखात हा क्षणच नव्हता, कारण सगळे सक्तीचे ठरवल्यावर काळ्याला निवड उरतच नव्हती. माझ्या रसग्रहणातून मी एक माणूस पूर्ण वगळला होता. तो मला फोनवरच्या इंजिनाने परत दिला. त्याने बोट ठेवलेल्या जागी डावाचा खरा पेच होता. मात्र काळा मागे का गेला, हे इंजिनाने सांगितले नाही. ते त्याच्या कक्षेतले नाही.

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत वही पुन्हा काढली. कात्रणातल्या ‘सक्तीची जीत’ या शब्दांवर काट मारली आणि समासात लिहिले, ‘धोका. जी-६ ने काळा जिंकतो. काळा मागे गेला.’ खाली तारीख घातली. दुरुस्ती दाखवणाऱ्या मुलाचे नावही घातले. नंतर तो आला तेव्हा त्याला वही दाखवली. त्याने वाचले आणि विचारले, ‘‘पण काका, मागे का गेला तो? पुढे सेफ आहे, दिसत नव्हतं?’’

मी फोन बाजूला ठेवायला सांगितला आणि पट मांडला. काळी मोहरी त्याच्याकडे दिली, पांढरी मी घेतली. उंटाने एच-७ वरचे प्यादे मारले, राजाने उंट खाल्ला, घोडा जी-५ वर आला. ‘‘शह,’’ म्हटले. त्याने राजा उचलला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.